काळ्या पाइनच्या मुळांवर

जपानच्या शिकोकू बेटावर, ताकामात्सु शहराच्या पश्चिम अंगाला, किनाशी आणि कोकुबुंजी ही गावे आहेत. जपानात तयार होणाऱ्या पाइनच्या बोन्सायपैकी सुमारे ८० टक्के झाडे या परिसरातून येतात आणि हा धंदा २०० वर्षांहून जुना आहे. त्याची मदार तीन झाडांवर आहे. कुरोमात्सु म्हणजे समुद्रकाठचा काळा पाइन, गोयोमात्सु म्हणजे पाच-पाच सुयांच्या जुडग्यांचा डोंगरी पांढरा पाइन, आणि निशिकीमात्सु म्हणजे बुचासारखी जाड, भेगाळलेली साल धरणारा काळ्या पाइनचाच एक प्रकार. यांतला निशिकीमात्सु बहुतेक कलमानेच वाढवला जातो, आणि बाजारात येणाऱ्या गोयोमात्सुचाही मोठा हिस्सा कलमीच असतो. तरीही बोन्सायच्या शौकिनांमध्ये एक समज घट्ट रुजला आहे. अस्सल झाड ते, जे डोंगरकपारीतून आणले किंवा बीपासून वाढवले आणि स्वतःच्या मुळांवर म्हातारे झाले. कलम ही पुढे शिरलेली तडजोड, आणि बोडक्या जागी फांदी जोडणारे भेटकलम तर सरळसरळ लबाडी! या धंद्याचा इतिहास पाहिला तर हा समज टिकत नाही. पाइन बोन्सायचा बाजार कलमाच्या आधाराने वाढला आणि जुनी झाडे कलमामुळेच पुन्हा घडवता आली.

आधी पाइनची प्रकृती समजून घ्यायला हवी, कारण सगळा इतिहास तिच्यातून निघतो. वड किंवा चिंच कितीही खोलवर छाटली तरी जुन्या लाकडातून पालवी फुटते. पाइनचे तसे नाही. जिथे हिरव्या सुया आहेत तिथेच नवा फुटवा येण्याची आशा असते. सुया गळून फांदी एकदा बोडकी झाली की त्या लाकडातून सहसा काही उगवत नाही. काडी मातीत खोचून नवे झाड करावे म्हटले, तर काळा पाइन मुळे धरायला नाखूश. म्हणजे झाड वाढवण्याचे आणि झाड सुधारण्याचे, दोन्ही सोपे मार्ग बंद. उरते कलम. त्यातला भेटकलमाचा प्रकार कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. हापूसची बाग पूर्वी याच रीतीने उभी राहत असे. कुंडीतले खुंटरोप आंब्याच्या फांदीजवळ मांडवावर चढवायचे, दोघांची साल तासायची, जखमेला जखम भिडवून बांधायची, आणि सांधा जुळला की फांदी मूळ झाडापासून तोडायची. जपानी माळी याला योबित्सुगी म्हणतात. पाइनमध्ये हे काम हिवाळ्याच्या अखेरीस, झाड पुन्हा वाढीला लागण्याच्या आधी करतात. खोडात हवी तिथे खाच पाडायची, त्याच झाडाचा लांब वाढलेला शेंडा वळवून किंवा शेजारी ठेवलेल्या रोपाचा शेंडा त्या खाचेत बसवायचा, सालीखालचे ओले थर एकमेकांना नीट भिडलेत याची खात्री करायची आणि जोड हलणार नाही असा आवळायचा. मग वाट पाहायची. एक हंगाम, कधी दोन, कधी तीन. काडी कापून बसवलेल्या कलमात काडी सुकली की सगळे फुकट जाते. भेटकलमात दोन्ही बाजू जिवंत मुळांना जोडलेल्याच असतात, त्यामुळे जोड फसला तरी झाड दगावत नाही. शंभर वर्षांच्या झाडावर प्रयोग करायचा असेल तर हा फरक निर्णायक ठरतो.

आता काळाचा मुद्दा. कलम ही बोन्सायमध्ये पुढे शिरलेली गोष्ट, असे मानायला फारसा आधार नाही. पूर्व आशियात कलमाची विद्या जुनीच. सहाव्या शतकातल्या ‘छीमिन याओशू’ या चिनी शेतीग्रंथात नासपतीचे कलम सविस्तर सांगितले आहे. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या अडीच शतकांत, जपानी शहरांत झाडांचा शौक शिगेला पोहोचला. एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, वेशीवरचे सोमेई हे गाव रोपवाटिकांसाठी प्रसिद्ध होते. तिथल्या इतो घराण्यातल्या माळ्याचे ‘कादान जिकिन्शो’ हे बागकामाचे पुस्तक १६९५ चे आहे. १८२७ आणि १८२९ मध्ये तर नुसत्या पट्टेदार, ठिपकेदार, चमत्कारिक पानांच्या झाडांचे सचित्र ग्रंथ निघाले. असे एखादे चमत्कारिक झाड बीपासून हमखास तसेच येत नाही. ज्यांचा धंदा अशा झाडांवर चालला, त्यांना कलम आणि छाट यांवाचून गत्यंतर नव्हते. याच सोमेईच्या नावाने ओळखली जाणारी चेरी, सोमेई योशिनो, आज साऱ्या जपानचा वसंत ठरवते. ती झाडे एकमेकांची तंतोतंत प्रतिरूपे आहेत, म्हणजे पिढ्यान् पिढ्या कलमानेच वाढवली गेली आहेत, हे १९९५ च्या डीएनए तपासणीने दाखवले. त्या चेरीला कोणी नकली म्हणत नाही. मग पाइनला वेगळा न्याय का?

ताकामात्सुची कथाही याच काळात सुरू होते. सेतो अंतर्गत समुद्राच्या काठावर आणि बेटांवर वाऱ्याने वाकलेले, खडकात खुरटलेले काळे पाइन मुबलक होते. ते उपटून कुंडीत जगवायचे आणि विकायचे, ही किनाशीच्या धंद्याची पहिली पायरी. पाइनची कदर करणारे धनीही जवळच होते. ताकामात्सुच्या सरदारांच्या रित्सुरिन बागेत आज सुमारे १४०० पाइन आहेत. तिथला एक गोयोमात्सु १८३३ मध्ये जपानचा लष्करी सत्ताधीश, शोगुन तोकुगावा इएनारी याने सरदाराला बोन्साय म्हणून भेट दिला होता. पुढे तो जमिनीत लावला गेला आणि आज सुमारे ८ मीटर उंच आहे. शोगुनाने भेट द्यावी एवढा मान कुंडीतल्या पाइनला असेल, तर मागणी वाढणारच, आणि वाढत्या मागणीला खडकांतली झाडे कुठवर पुरणार? एक म्हातारे झाड उपटले की त्या जागी दुसरे म्हातारे व्हायला शतक लागते. डोंगरातून आणलेल्या झाडालाच अस्सल मानणारे या साध्या हिशोबाकडे काणाडोळा करतात. गावेच्या गावे ज्यावर पोट भरतात तो धंदा अशा शोधावर तगू शकत नाही. त्याला शेतात ओळीने वाढणारे रोप लागते, आणि ते एकसारखे लागते.

इथे गोयोमात्सुचे काळ्या पाइनवरचे कलम पुढे येते. गोयोमात्सु डोंगरातला, थंडीला सरावलेला, मंद वाढणारा. ताकामात्सु ज्यात येते त्या कागावा प्रांताच्या सखल, उबदार, कोरड्या जमिनीत काळा पाइन मात्र घरचा. त्याची मुळे जोमदार, बुंधा लवकर भरणारा, साल लवकर खडबडणारी. तेव्हा मुळे काळ्या पाइनची आणि वरचा पर्णभार गोयोमात्सुचा, ही जोडी तिथल्या मातीनेच सुचवली. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही ती थक्क करणारी आहे, कारण दोन सुयांचे आणि पाच सुयांचे पाइन हे एकाच प्रजातीच्या दोन वेगळ्या उपशाखांतले. इतक्या दूरच्या नात्यातला सांधा दशकानुदशके टिकतो, याचे श्रेय खाच पाडणाऱ्या हातांना द्यायला हवे. ही रीत किती रुळलेली होती याचा पुरावा एका अनपेक्षित ठिकाणी मिळतो. जपानी बोन्साय युरोपात आणण्यासाठी युरोपीय आयोगाने २००२ मध्ये जो निर्णय काढला, त्यात पाइनबाबत दोनच शक्यता धरल्या होत्या. झाड संपूर्ण गोयोमात्सुचे असावे किंवा दुसऱ्या पाइनच्या खुंटावर गोयोमात्सुचे कलम असावे, आणि दुसऱ्या बाबतीत खुंटाला स्वतःचा फुटवा नसावा. कीड-रोग रोखण्यासाठी लिहिलेल्या कायद्यात कलमी झाडाची अशी स्वतंत्र दखल घ्यावी लागली, यावरून ते झाड अपवाद नव्हते हे उघड आहे.

विरोधकांचा सगळ्यात वजनदार आक्षेप सौंदर्याचा आहे आणि तो मला अर्धा मान्य आहे. काळ्या पाइनची साल खरबरीत, गोयोमात्सुची त्या मानाने नितळ. सांधा उंचावर असेल तर खोड दोन तुकड्यांचे दिसते, कधी जोडापाशी फुगवटा येतो. म्हणूनच फुकुशिमाच्या अझुमा डोंगरातले किंवा शिकोकूच्या पर्वतांतले स्वतःच्या मुळांवरचे गोयोमात्सु जाणकार जास्त मोलाचे मानतात. पण हा दोष घाईचा आणि उंच बांधलेल्या कलमाचा आहे. सांधा मुळांच्या पसाऱ्याजवळ ठेवला तर बुंध्याची खडबडीत साल झाडाला वय देते. शिवाय हा आक्षेप भेटकलमाला लागूच पडत नाही. तिथे बहुधा त्याच जातीची, कित्येकदा त्याच झाडाची फांदी त्याच्याच खोडाला जोडलेली असते. साल एक, सुया एक, रंग एक. दहा-पंधरा वर्षांनी माळ्यालाही जागा शोधावी लागते. डोंगरातून आणलेल्या ज्या झाडांचा एवढा अभिमान बाळगला जातो, त्यांचाच हिरवा भार फार वेळा लांब फांद्यांच्या टोकाला गेलेला असतो आणि खोडाजवळ काहीच नसते. पाइन जुन्या लाकडातून फुटत नाही, तेव्हा अशा झाडाला आटोपशीर रूप द्यायचा खात्रीचा मार्ग म्हणजे टोकाची हिरवी फांदी वळवून खोडाशी भेटवणे. म्हणजे ज्या झाडाला अस्सलपणाचा नमुना मानायचे, ते प्रदर्शनात उभे राहण्याच्या लायकीचे होते तेही कित्येकदा भेटकलमामुळेच.

दुसरा आक्षेप असा, की कलम निसर्गाविरुद्ध आहे. पण दाट रानात एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या आणि जमिनीखाली भिडलेली मुळे माणसाच्या मदतीशिवाय जुळतात. भेटकलम तेच काम हव्या त्या जागी करवून घेते. जपानी संस्कृतीत तर जुळलेल्या पाइनला मंगल मानले गेले आहे. ह्योगो प्रांतातल्या ताकासागो देवस्थानातला ‘आइओइ’ पाइन, एका बुंध्यातून उभे राहिलेले लाल आणि काळ्या पाइनचे जोडखोड, दीर्घ दांपत्यजीवनाचे प्रतीक आहे. झेआमीच्या ‘ताकासागो’ या नो नाटकात आइओइ पाइनांचा गौरव आहे आणि त्यातले गायन जपानी लग्नांत होत आले आहे.

तिसरा आक्षेप फसवणुकीचा. सांधा लपवून कलमी झाड डोंगरातले म्हणून विकणे ही लबाडी आहे, यात वाद नाही. पण ती विकणाऱ्याची लबाडी. कलमाच्या रीतीला त्याबद्दल शिक्षा नको. उलट कलम हे लाजेचे काम ठरवल्यामुळेच ते लपवण्याची पाळी येते. हापूसचे रोप विकणारा ‘हे कलम आहे’ असे अभिमानाने सांगतो, कारण गिऱ्हाइकाला तेच हवे असते. पाइनच्या बाबतीतही झाडाच्या पाटीवर वय आणि जातीबरोबर खुंट कोणता आणि फांद्या कुठे जोडल्या हे लिहिले जावे. किनाशी-कोकुबुंजीच्या माळ्यांचे सगळ्यात अवघड काम आज पाटीवरून गायब असते, आणि तो त्यांच्यावर अन्याय आहे.