बेपत्ता व्यक्तींविषयीचा राष्ट्रीय आयोग (आर्जेन्टिना)

बेपत्ता व्यक्तींविषयीचा राष्ट्रीय आयोग (स्पॅनिश लघुरूप: कोनादेप) हा आर्जेन्टिनातील लष्करी राजवटीच्या काळात (१९७६–१९८३) नाहीशा करण्यात आलेल्या नागरिकांचे काय झाले, याचा शोध घेण्यासाठी नेमलेला आयोग होता. राष्ट्राध्यक्ष राउल आल्फोन्सिन यांनी सत्ताग्रहणानंतर पाचच दिवसांनी, १५ डिसेंबर १९८३ रोजी, त्याची स्थापना केली. लेखक एर्नेस्तो साबातो हे आयोगाचे अध्यक्ष होते. बोलिव्हियात १९८२ मध्ये असाच आयोग नेमला गेला होता, परंतु तो अहवाल न देताच विसर्जित झाला. त्यामुळे नंतरच्या सत्यशोधन आयोगांपुढे प्रामुख्याने आर्जेन्टिनाचाच नमुना राहिला.

पार्श्वभूमी

२४ मार्च १९७६ रोजी लष्कराने सत्ता बळकावली. त्यानंतर विद्यार्थी, कामगार पुढारी, वकील, पत्रकार अशा हजारो लोकांना घरांतून व रस्त्यांवरून उचलून गुप्त छळछावण्यांत नेण्यात आले. अनेकांना ठार मारले गेले. काहींना गुंगीचे औषध देऊन विमानातून समुद्रात फेकण्यात आले. नातेवाइकांना मात्र अशा व्यक्तीची कोठेही नोंद नसल्याचे सांगितले जाई. स्पॅनिशमध्ये या लोकांना ‘देसापारेसिदो’ म्हणतात. मराठीतील ‘बेपत्ता’ या शब्दातून माणूस आपणहून हरवल्याचाही अर्थ निघू शकतो. येथे तो तसा घेऊ नये.

३० एप्रिल १९७७ पासून काही माता आपल्या मुलांचा ठावठिकाणा विचारत राजधानी बुएनोस आइरेसमधील माजो चौकात जमू लागल्या. १९८२ च्या फॉकलंड युद्धातील पराभवाने राजवट खिळखिळी झाली. सत्ता सोडण्यापूर्वी लष्कराने स्वतःलाच माफी देणारा कायदा केला. नव्या संसदेने तो रद्द केला.

कामकाज

आयोगाला कोणालाही शिक्षा करण्याचा किंवा साक्षीसाठी सक्तीने बोलावण्याचा अधिकार नव्हता. याच कारणाने मातांच्या संघटनेने आरंभी त्याला विरोध केला. त्यांना पूर्ण अधिकार असलेली संसदीय समिती हवी होती. साक्षी नोंदवणाऱ्या विभागाचे काम ग्रासिएला फर्नांदेस मेइहिदे यांच्याकडे होते. त्यांच्या स्वतःच्या सतरा वर्षांच्या मुलाला १९७६ मध्ये घरातून नेण्यात आले होते.

वाचलेल्या बहुतेक कैद्यांच्या डोळ्यांवर छावणीत पट्टी बांधलेली असे. तरीही त्यांना पायऱ्या, वळणे, आवाज यांची आठवण होती. आयोगाचे सदस्य त्यांच्यासह प्रत्यक्ष जागांवर गेले. नौदलाच्या यांत्रिकी शाळेतील तळघराकडे जाणारा जिना व उद्वाहन (लिफ्ट) लष्कराने १९७९ मधील आंतरराष्ट्रीय पाहणीपूर्वीच काढून टाकले होते. साक्षी खोट्या ठराव्यात हा त्यामागील हेतू होता; प्रत्यक्षात ही फेरफारच पुढे पुरावा ठरली.

अहवाल

२० सप्टेंबर १९८४ रोजी सादर झालेल्या अहवालात ८,९६० बेपत्ता व्यक्ती व सुमारे ३४० गुप्त बंदीगृहांची नोंद आहे. ‘नुन्का मास’ (पुन्हा कधीही नाही) या नावाने तो पुस्तकरूपात प्रसिद्ध झाला. त्यात दोषींची स्वतंत्र यादी छापलेली नाही. ती राष्ट्राध्यक्षांकडे देण्यात आली आणि लवकरच वृत्तपत्रांतून फुटली.

न्यायालयीन परिणाम

आयोगाची कागदपत्रे १९८५ च्या खटल्याचा पाया ठरली. नऊ लष्करशहांपैकी होर्हे विदेला व एमिलियो मासेरा यांना जन्मठेप झाली, तिघांना मुदतीची शिक्षा झाली, तर चौघे निर्दोष सुटले. मात्र सैन्यातील असंतोषापुढे नमते घेत १९८६ व १९८७ मध्ये खटले रोखणारे दोन कायदे झाले. पुढे राष्ट्राध्यक्ष कार्लोस मेनेम यांनी शिक्षा झालेल्यांनाही माफी दिली. जवळपास पंधरा वर्षे गुन्हे लेखी नोंदवलेले आणि गुन्हेगार मोकळे, अशी स्थिती होती. संसदेने २००३ मध्ये ते कायदे रद्दबातल ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ते घटनाबाह्य असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर खटले पुन्हा उभे राहिले. विदेला २०१३ मध्ये तुरुंगात मरण पावले.

वाद

मानवी हक्क संघटना बेपत्तांची संख्या ३०,००० सांगतात. ८,९६० हा आकडा केवळ आयोगापर्यंत पोहोचलेल्या प्रकरणांचा असून आयोगानेही तो अंतिम मानला नव्हता; दोन आकड्यांना परस्परविरोधी समजणे त्यामुळे योग्य नाही. डाव्या गटांचा हिंसाचार आणि शासनाचा दहशतवाद यांना मूळ प्रस्तावनेने एकाच मापाने मोजल्याची टीका झाली. २००६ मध्ये याचे खंडन करणारी दुसरी प्रस्तावना जोडण्यात आली. २०१६ च्या आवृत्तीतून ती वगळण्यात आली.