नंदुरबारची आंदोलने आणि आदिवासींचा लिहिता शब्द

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. भिली, पावरी, मावची, देहवाली या येथील घराघरांतील बोली होत. मराठी ही शाळेची, कचेरीची आणि न्यायालयाची भाषा. गाणी, कथा आणि पूजाविधी यांची मौखिक परंपरा येथे समृद्ध असली, तरी आदिवासींनी स्वतः लिहिलेले साहित्य विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जवळजवळ नव्हतेच. हे चित्र पालटण्यास विद्यापीठे वा साहित्यसंस्था यांपेक्षा राजकीय उलथापालथीच अधिक कारणीभूत ठरल्या. मात्र त्या उलथापालथींनी जितके दिले, तितकेच काही प्रश्नही मागे ठेवले.

आरती आणि घोषणा

या परिसरातील पहिली मोठी जागृती धार्मिक रूपात अवतरली. तळोदा तालुक्यातील मोरवड येथील गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकात आदिवासींना दारू सोडण्याचा, स्वच्छ राहण्याचा आणि परस्परांना 'आप' म्हणून आदराने संबोधण्याचा उपदेश केला. ज्यांना गावात सर्वजण एकेरीत हाक मारीत, त्यांच्यासाठी हा एक शब्दच मोठा बदल होता. सामूहिक आरतीसाठी हजारो लोक जमू लागले. १९३८ मध्ये महाराजांचे निधन झाल्यावर बंधू रामदास महाराजांनी हे कार्य पुढे चालविले.

नंदुरबार शहरातील घडामोडींचा प्रवाह मात्र वेगळा होता. ९ सप्टेंबर १९४२ रोजी 'चले जाव' चळवळीच्या मिरवणुकीवर झालेल्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे विद्यार्थी हुतात्मा झाले. शहरातील राष्ट्रीय चळवळीची भाषा गुजराती आणि मराठी होती. डोंगरातल्या बोलींना त्या व्यासपीठावर स्थान मिळण्यास आणखी तीस वर्षे जावी लागली.

शहाद्याची चळवळ

शहादा-तळोद्याच्या सुपीक पट्ट्यातील भिलांच्या जमिनी कर्जापोटी सावकार आणि सधन शेतकऱ्यांकडे गेल्या होत्या. मूळ मालकांवर त्याच जमिनीत सालदार म्हणून राबण्याची वेळ आली होती. मे १९७१ मध्ये पाटीलवाडी येथे झालेल्या गोळीबाराने हा असंतोष राज्यासमोर आला. सर्वोदयाच्या विचाराने काम करणारे भिल नेते अंबरसिंग सुरतवंती यांच्याभोवती लोक एकवटले. जानेवारी १९७२ मध्ये शहादा येथे भूमुक्ती मेळावा भरला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. पुण्या-मुंबईचे सुशिक्षित तरुणही येथे येऊन राहिले. अभियंता असलेले कुमार शिराळकर हे त्यांपैकी एक होत.

गमावलेल्या जमिनी, मजुरी आणि दुष्काळी कामे हे संघटनेचे मुख्य विषय होते. तथापि तिची शिबिरे ही एक प्रकारची शाळाही ठरली. सातबाराचा उतारा कसा वाचावा, कायदा काय सांगतो, सभेत कसे बोलावे, हे सालदारांनी तेथे आत्मसात केले. स्त्रियांची स्वतंत्र शिबिरे भरली आणि त्यांनी दारूच्या गुत्त्यांविरुद्ध मोहीम उघडली. १९७४ मध्ये अंबरसिंग यांचे निधन झाले. पुढील वर्षी आणीबाणी आली आणि कार्यकर्त्यांची धरपकड झाली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९७६ मध्ये या चळवळीवर लिहिलेला निबंध पुढे अभ्यासकांमध्ये संदर्भ म्हणून मान्यता पावला.

याच दशकातील चीनशी तुलना उद्बोधक ठरते. तेथे १९६६ ते १९७६ या काळात सांस्कृतिक क्रांतीच्या नावाखाली विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षा बंद पडल्या. सुमारे पावणेदोन कोटी शहरी तरुणांची खेड्यांत रवानगी झाली. माओंच्या मृत्यूनंतर १९७८ च्या सुमारास जे 'जखमांचे साहित्य' उदयास आले, ते प्रामुख्याने या शिक्षित वर्गाच्या यातनांचे होते. शहाद्याला आलेले तरुण कोणाच्या आज्ञेने आले नव्हते. शिवाय येथे लेखणी केवळ पाहुण्यांच्या हाती राहिली नाही.

'गोधड' आणि 'स्टेज'

या बदलाचे ठळक उदाहरण म्हणजे कवी वाहरू सोनवणे. शहादा तालुक्यातील भिल कुटुंबातून आलेले सोनवणे श्रमिक संघटनेत कार्यकर्ते म्हणून घडले. त्यांचा 'गोधड' हा कवितासंग्रह १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची 'स्टेज' ही कविता विशेष गाजली. आदिवासींनी खाली बसावे आणि इतरांनी मंचावरून त्यांचेच दुःख त्यांना सांगावे, या विसंगतीवर ती बोट ठेवते. म्हणजेच चळवळीने घडविलेल्या कवीने चळवळीलाही प्रश्न विचारले. १९९० मध्ये पालघर येथील पाचव्या आदिवासी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. छापील ग्रंथ म्हणजेच साहित्य, ही व्याख्या मानली तर आदिवासींची सारी मौखिक परंपरा साहित्याबाहेर राहते, ही भूमिका त्यांनी आग्रहाने मांडली.

वैचारिक मंथन धुळ्यातही चालू होते. कॉम्रेड शरद पाटील यांनी जातिप्रश्नावरून मार्क्सवादी पक्ष सोडून १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापन केला. आदिवासींमधील कामाच्या जोडीला त्यांनी प्राचीन भारतीय समाजाची नवी मांडणी केली. त्यातून निर्माण झालेल्या वादांनी महाराष्ट्राच्या बौद्धिक जीवनाला दीर्घकाळ चालना दिली.

पाण्याखालील गावे

सरदार सरोवर प्रकल्पाने अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. १९९३ मध्ये मणिबेलीला बुडिताचा पहिला फटका बसला. काही कुटुंबे तळोदा तालुक्यातील सोमावल, रोझवा अशा वसाहतींत आली. नदी, देवस्थाने आणि पूर्वजांच्या जागा यांच्याशी जोडलेली गाणी व विधी सपाटीवरच्या वसाहतीत कसे टिकवायचे, हा प्रश्न नुकसानभरपाईच्या कोणत्याही तक्त्यात बसणारा नव्हता. याच संघर्षातून नर्मदा बचाव आंदोलनाच्या 'जीवनशाळा' उभ्या राहिल्या. १९९० च्या दशकाच्या आरंभी सुरू झालेल्या या शाळांत मुलांना आधी त्यांच्या बोलीतून आणि मग मराठीतून शिकविण्याची पद्धत रुजली.

बोलीचा अनुत्तरित प्रश्न

२०११ च्या जनगणनेत भिली आणि तिच्याशी संलग्न बोलींच्या भाषकांची संख्या एक कोटीहून अधिक नोंदली गेली. त्याहून कमी भाषक असलेल्या संथाळीचा समावेश २००३ मधील घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत झाला. भिली मात्र आजही त्या यादीबाहेर आहे. भिली वा पावरीत लिहिणाऱ्याला देवनागरीचा आधार घ्यावा लागतो. मोठा वाचकवर्ग हवा असल्यास मराठीकडे वळावे लागते. गेल्या शतकातील आंदोलनांनी नंदुरबारच्या आदिवासींना मंचापर्यंत आणले. तेथे उभे राहिल्यावर कोणत्या भाषेत बोलायचे, हे ठरविण्याचा अधिकार त्यांना पूर्णपणे मिळणे अद्याप बाकी आहे.