शेगडी तपासल्याचा कागद

१६४८ साली न्यू ॲमस्टरडॅममध्ये, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कच्या दक्षिण टोकाला, डच वसाहतीचा प्रमुख पीटर स्टायव्हसंट याने चार माणसे नेमली. घरोघरी जाऊन धुराडी बघायची, हे त्यांचे काम. गाव लाकडाचे, पुष्कळ छपरे गवताची, काही धुराडीसुद्धा लाकडाची. एका घरातली ठिणगी सगळे गाव घेऊन जाईल अशी स्थिती. ज्याचे धुराडे काजळीने भरलेले सापडेल त्याला ३ गिल्डर दंड, आणि त्या पैशातून गावासाठी शिड्या, आकडे नि बादल्या. हुकूम दंडाचा असला तरी त्यामागची कल्पना मोठी होती. शेगडी नीट पेटते आहे, घर उबदार आहे, कोणाची तक्रार नाही, तरीही बाहेरच्या माणसाने आत येऊन ती बघावी, हे इथे मान्य झाले. पंप बिघडला तर पाणी येत नाही, दिवा बिघडला तर अंधार होतो. शेगडीचे तसे नाही. धुराडे निम्मे बुजले तरी ती ऊब देतच राहते, आणि घरच्यांना कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. थंड मुलुखांत शेगडीच्या देखभालीत तपासणीची यादी आली ती यामुळे. कारागिराला आठवण राहावी म्हणून ती आली, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास पाहिला तर मला वाटते, त्या यादीचा खरा धनी शेगडीसमोर बसणारा माणूस आहे.

लाकूड आणि कोळसा जळत होता तोवर मोठी धास्ती काजळीची होती. काजळी डोळ्यांना दिसते, खरवडता येते, धुराडे झाडणारा ती पोत्यात भरून दाखवू शकतो. धुराडे साफ आहे की नाही, या एका प्रश्नावर बरेच निभावून जाई. गॅस आला आणि चित्र पालटले. ब्रिटनमध्ये पूर्वी कोळशापासून केलेला गॅस घरोघर येई. त्यात कार्बन मोनॉक्साइड मुळातच असे, त्यामुळे नुसती गळतीही जीवघेणी ठरे. १९६७ ते १९७७ या काळात देशभरातली उपकरणे नैसर्गिक गॅसवर आणली गेली. नव्या गॅसमध्ये हा विषारी वायू नव्हता, पण ज्वलनाला हवा कमी पडली किंवा धुराडे तुंबले, तर तोच वायू शेगडीत तयार होऊ लागतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, फ्लू झाल्यासारखे वाटते, आणि माणूस पांघरूण घेऊन त्याच खोलीत, त्याच शेगडीजवळ पडून राहतो.

याच काळात गॅसच्या कामाची धास्ती घेण्यासारखी घटना घडली. १६ मे १९६८ रोजी पूर्व लंडनमधल्या रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत पहाटे चहासाठी शेगडी पेटवताना स्फोट झाला. इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला आणि चौघे गेले. शेगडीच्या नळीच्या जोडावरचा पितळी नट सदोष होता. १९७० मध्ये गॅस कारागिरांची नोंदणी सुरू झाली, १९९१ मध्ये ती सक्तीची झाली. १९९८ च्या नियमांनी तर तपासणीत काय बघायचे हेच कायद्यात लिहून टाकले: धुराडे धूर बाहेर नेते का, ज्वलनाला हवा पुरते का, गॅसचा दाब किंवा उष्णता ठरल्याप्रमाणे आहे का आणि उपकरण सुरक्षित चालते का. भाड्याच्या घरात ही तपासणी दर १२ महिन्यांच्या आत व्हावी, नोंद २ वर्षे जपावी आणि तिची प्रत भाडेकरूला २८ दिवसांत द्यावी, असे बंधन घरमालकावर आहे. त्या प्रतीत मला या साऱ्या प्रवासाचे सार दिसते. धुराड्यात डोकावू न शकणाऱ्या माणसाच्या हातात पुरावा आला.

यादीतली एक ओळ जवळून पाहू. जुन्या फायरप्लेसमध्ये बसवलेल्या गॅसच्या शेगडीची तपासणी चालली आहे. कारागीर शेगडी भिंतीपासून सुटी करून पुढे ओढतो, कारण तिच्या मागच्या पोकळीत वरून पडलेला चुना, विटांचे तुकडे, पक्ष्यांच्या घरट्याच्या काड्या साचतात. तो कचरा काढतो, धूर सोडणारी गोळी पेटवून धूर वर छपराबाहेर निघतो का ते पाहतो, मग शेगडी परत बसवतो. दारे-खिडक्या लावून शेगडी पाच मिनिटे पूर्ण पेटती ठेवतो आणि धुराची काडी शेगडीच्या वरच्या कडेखाली धरतो. धूर आत ओढला गेला तर ठीक. खोलीत परतला तर शेगडी बंद. यानंतर जवळच्या स्वयंपाकघरातला हवा खेचणारा पंखा लावून हीच परीक्षा पुन्हा, कारण तो पंखा धुराड्यातला धूर उलटा घरात ओढू शकतो. ही शेवटची पायरी विसरली जाणारी आहे. तिला कागदावर स्वतंत्र ओळ मिळाली म्हणून ती होते.

यावर पहिला आक्षेप अनुभवी कारागिरांचा: ज्याचे आयुष्य या कामात गेले त्याला ज्योतीचा रंग पाहून सगळे कळते, त्याला यादी कशाला? ज्योत पिवळी, लवलवती झाली तर जाणकार सावध होतो, हे खरेच. पण अनुभव चुकीपासून वाचवतोच असे नाही. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी ओहायोत बोइंगचे मॉडेल २९९ हे विमान उड्डाण करताच कोसळले. शेपटीच्या हलत्या भागांची कुलपे सोडायची राहिली होती. चालवणारे पट्टीचे वैमानिक होते. त्यानंतर वैमानिकांसाठी तपासणी-याद्या तयार झाल्या. पंख्याची परीक्षा त्याच जातीची आहे. ज्ञान असतेच, घाईच्या दिवशी नेमके तेच निसटते.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. याद्या पुढे नुसत्या टिका मारण्याच्या होतात आणि तपासणीचा हक्क धंद्याच्या मक्त्याचे साधन बनतो. जर्मनीत हे घडले. तिथे धुराडे झाडणाऱ्यांचे इलाखे ठरलेले असत, आणि आपल्या इलाख्याबाहेरचा कारागीर घरमालकाला निवडता येत नसे. टीका झाली, युरोपीय संघाचा दबाव आला, २००८ मध्ये कायदा बदलला आणि २०१३ पासून नेहमीचे काम कोणाकडूनही करून घेता येऊ लागले. पण मक्ता गेला तरी कागद राहिला. इलाख्याचा अधिकृत माणूस सात वर्षांत दोनदा सगळी व्यवस्था स्वतः पाहतो आणि कोणते काम केव्हापर्यंत व्हावे हे लेखी कळवतो. मालक हवा तो कारागीर बोलावतो आणि काम झाल्याचा भरलेला फॉर्म परत देतो. काम करणारा आणि पडताळणारा वेगळे झाले. उरला टिका मारण्याचा रोग. त्यावर उपाय म्हणजे यादीत ‘ठीक’ अशी खूण न मागता आकडा मागणे: दाब किती, धुरातला कार्बन मोनॉक्साइड किती. आकडा खोटा लिहिता येतो, पण खोटा आकडा दुसऱ्या मोजणीत पकडला जातो.

आपल्याकडे घर तापवायच्या शेगड्या नाहीत, पण न्हाणीघरात लावलेला गॅस गिझर याच वायूने माणसे घेतो, आणि तीही बंद दाराआड. दुरुस्तीला आलेल्या माणसाने बर्नर पेटवून दाखवला की आपण पैसे देतो. यंदा पैसे देण्याआधी धूर कुठून बाहेर जातो आणि हवा कुठून आत येते, ही दोन उत्तरे त्याच्याकडून लेखी घ्या, खाली तारीख आणि सही घ्या आणि तो कागद गिझरजवळ जपून ठेवा.