दख्खनच्या माळरानावरील काळविटाची शिकार

काळविटाची शिकार ही दख्खनच्या पठारावरील मोकळ्या माळरानांवर अनेक शतके चालत आलेली, परंतु आज संपूर्णपणे प्रतिबंधित असलेली प्रथा होय. अहमदनगर (अहिल्यानगर), सोलापूर व पुणे या जिल्ह्यांतील कमी पावसाचा गवताळ प्रदेश हे काळविटाचे जुने वसतिस्थान आहे. झाडीच्या आडोशाऐवजी दूरवर पाहण्याची शक्ती व वेग यांच्या बळावर हा प्राणी स्वतःचे रक्षण करतो. त्यामुळे त्याच्या शिकारीचा इतिहास हा मुख्यतः शिकारी व सावज यांच्यातील अंतर कसे कमी केले गेले याचा इतिहास आहे. अहमदनगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे काळविटासाठी १९८० मध्ये अभयारण्य स्थापन करण्यात आले.

प्राण्याचे स्वरूप

काळविटास व्यवहारात हरीण म्हटले जात असले, तरी प्राणिशास्त्रानुसार त्याची गणना कुरंग गटात होते. चितळ व सांबर हे सारंग गटातील प्राणी असून त्यांच्या नरांची शिंगे ठरावीक काळाने गळून पुन्हा उगवतात. काळविटाची पिळदार शिंगे मात्र कायम असतात. पूर्ण वाढलेल्या नराची खांद्यापाशी उंची सुमारे ८० सेंटिमीटर व वजन सरासरी ३५ ते ४० किलोग्रॅम असते. प्रौढ नराची पाठ काळी, तर पोट पांढरे असते. मादी पिवळसर तपकिरी रंगाची असून तिला सहसा शिंगे नसतात. धोक्याची चाहूल लागताच कळपातील एखादा प्राणी उंच उडी घेतो व पाठोपाठ सारा कळप उधळतो. धावण्याचा वेग ताशी ८० किलोमीटरपर्यंत जातो.

बंदुकीपूर्वीच्या पद्धती

मोकळ्या माळावर दबा धरून बसण्यास जागा नसल्यामुळे जुन्या पद्धतींत प्राण्याच्या सवयींचा उपयोग करून घेतला जाई. फासेपारधी समाजातील लोक कळपाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर फास मांडून काळवीट पकडत. पाळीव नराच्या शिंगांना फास बांधून त्यास रानटी नरांपुढे सोडण्याची पद्धतही मोगल काळात प्रचलित होती. झुंजीच्या भरात प्रतिस्पर्ध्याची शिंगे त्या फासात अडकत.

राजेरजवाड्यांची आवडती पद्धत म्हणजे शिकवलेल्या चित्त्याकरवी शिकार. चित्त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यास गाडीतून कळपाच्या जवळ नेत व तेथे मोकळे सोडत. बैलगाडीस कळप फारसे बुजत नसत, याचा येथे फायदा होई. कोल्हापूर संस्थान या शिकारीसाठी विशेष प्रसिद्ध होते. भारतीय चित्ते दुर्मीळ झाल्यानंतर विसाव्या शतकात आफ्रिकेतून चित्ते आणून ही प्रथा काही काळ चालू ठेवण्यात आली. चित्ता १९५२ मध्ये भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले.

रायफल व दुर्बीण

ठासणीच्या बंदुकीचा नेम मर्यादित अंतरापर्यंतच भरवशाचा असे. त्यामुळे शिकाऱ्यास बैलाच्या वा गाडीच्या आडून कळपाजवळ जावे लागे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूररहित दारू व लहान व्यासाची वेगवान गोळी यांचा वापर सुरू झाला आणि ही अट शिथिल झाली. इंग्रज लष्करी व मुलकी अधिकाऱ्यांत काळविटाच्या शिकारीस मोठी मागणी होती. त्यांत .३०३ तसेच .२७५ रिग्बी (७ मिलिमीटर) यांसारख्या रायफली वापरल्या जात.

माळरानासाठी रायफल निवडताना गोळीच्या आकारापेक्षा तिच्या मार्गाचा सपाटपणा महत्त्वाचा मानला जाई. काळवीट हलक्या अंगाचा असल्याने गवा किंवा वाघ यांच्यासाठी लागणाऱ्या जड गोळीची येथे आवश्यकता नसे. सेकंदास सुमारे ८०० मीटर वेगाने निघालेल्या गोळीस ३०० मीटर अंतर कापण्यास साधारणतः ०.४ सेकंद लागतो व तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणामुळे ती नळीच्या रेषेपासून सुमारे पाऊण मीटर खाली येते. काळविटाची खांद्यापाशी उंचीच जवळपास तेवढी असल्याने अंतराचा अंदाज चुकल्यास नेम पूर्णतः चुके किंवा गोळी पायास अथवा पोटास लागे. पूर्ण वेगाने धावणारे काळवीट त्याच ०.४ सेकंदात जवळजवळ नऊ मीटर पुढे गेलेले असते.

रायफलीवर बसविलेल्या दुर्बिणीमुळे दूरचे सावज मोठे व स्पष्ट दिसू लागले आणि नळीवरील माशी व मागील खाच डोळ्याने जुळविण्याची गरज उरली नाही. तथापि दुर्बीण गोळीचा मार्ग बदलत नाही. आडवा वारा, तापलेल्या जमिनीवरील हवेची थरथर व अंतराचा चुकीचा अंदाज हे दोष तिने दूर होत नाहीत. जखमी जनावर कळपाबरोबर कित्येक किलोमीटर निघून जाई व माळावर त्याचा माग काढणे अवघड होई. शिवाय सपाट प्रदेशात गोळी अडविण्यास टेकडी किंवा झाडी नसल्याने नेम चुकलेली गोळी दूरवरच्या मेंढपाळास वा शेतकऱ्यास घातक ठरण्याचा धोका असे.

ऱ्हास

दुसऱ्या महायुद्धानंतर जीपगाड्या सहज उपलब्ध झाल्या. जीपमधून पाठलाग करणे व रात्री प्रखर झोतात दिपलेल्या जनावरांवर गोळ्या झाडणे यांमुळे काळविटाचा वेग व दृष्टी ही दोन्ही साधने निष्प्रभ ठरली. याच काळात माळराने नांगराखाली आली व चराईचा ताण वाढला. देशाच्या अनेक भागांतून काळवीट नाहीसे झाले.

कायदेशीर स्थिती

तत्कालीन मुंबई राज्यात १९५१ च्या वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण अधिनियमाने शिकारीचे नियमन केले. पुढे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार काळविटास पहिल्या अनुसूचीचे संरक्षण मिळाले. १९९१ च्या दुरुस्तीने परवाना घेऊन शिकार करण्याची व्यवस्थाच रद्द झाली. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीस तीन ते सात वर्षांचा कारावास व दंड अशी शिक्षा असून, २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंडाची किमान रक्कम २५,००० रुपये आहे. गुन्ह्यात वापरलेले व जप्त केलेले शस्त्र आणि वाहन शासनाची मालमत्ता ठरते.

बंदूक बाळगण्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना लागतो. हा परवाना शिकारीचा परवाना नव्हे. अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. अभयारण्य जाहीर झाल्यावर त्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रधारकाने तीन महिन्यांत नोंदणीसाठी अर्ज करावयाचा असतो. त्या परिसरात नवा शस्त्र परवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकाची पूर्वसंमती घ्यावी लागते.

रेहेकुरी अभयारण्य व पिकांचा प्रश्न

रेहेकुरी अभयारण्याचे क्षेत्रफळ केवळ २.१७ चौरस किलोमीटर आहे. संरक्षणानंतर काळवीट येथे सहज दृष्टीस पडू लागले. मात्र इतक्या लहान क्षेत्रात कळप सामावणे शक्य नसल्याने ते भोवतालच्या शेतांत चरावयास जातात. कोवळ्या पिकांचे नुकसान ही अवर्षणग्रस्त तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याची खरी अडचण आहे.

पहिल्या अनुसूचीतील प्राणी पिकांची हानी करतो, या कारणासाठी त्याच्या शिकारीस कायद्यात मुभा नाही. तो मानवी जीवितास धोकादायक झाला असेल अथवा बरा न होण्याइतका जखमी वा रोगग्रस्त असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक तशी लेखी परवानगी देऊ शकतो. त्याऐवजी महाराष्ट्र शासनाच्या पीकनुकसान भरपाई योजनेत हरणांचा (सारंग व कुरंग) समावेश करण्यात आला आहे. काळविटाचे भवितव्य अभयारण्याच्या कुंपणाइतकेच त्याबाहेरील माळरान व तेथील शेतकऱ्याची सहनशीलता यांवर अवलंबून आहे.