स्टेडियम आणि अजगर

१९९२, बँकॉक, मिस युनिव्हर्स. देशाची प्रमुख झालीस तर आधी काय करशील? मधू सप्रे म्हणाली, स्टेडियम बांधेन. ती तिसरी आली, आणि लोक त्या उत्तराला हसले. अहो, बाई स्वतः अ‍ॅथलीट होती! (दोनच वर्षांनी राष्ट्रीय खेळांसाठी बालेवाडीचं स्टेडियम उभं राहिलं.)

मग १९९५ची टफ शूजची जाहिरात: मधू, मिलिंद सोमण, पायात बूट, अंगावर अजगर. अश्लीलतेची केस झाली. निर्दोष सुटायला २००९ उजाडलं. चौदा वर्षं!

आमच्या बारामती-इंदापूरकडे जत्रेत लंगोट लावलेल्या पैलवानाचं अंग अख्खं गाव न्याहाळतं, कौतुकानं. मिलिंदही जलतरणपटू, म्हणजे दोघांचंही शरीर कमावलेलंच. पण केस संपल्यावर तो मॅरेथॉनवाला म्हणून मिरवला, तिची ओळख मात्र अजूनही त्या फोटोपाशीच थांबते.