निवडला गेला, की निवडले?

कबनूरपासून जवळच असलेल्या कोल्हापुरात १८५२ साली रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी आले. पुढे ते मिशन प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले. हा पंथ कॅल्व्हिनच्या विचारांचा. कोणाला तारायचे हे देवाने जगाच्या आधीच, माणसाचे गुण न पाहता, केवळ दयेने ठरवले, असे त्यांचा १६४७चा वेस्टमिन्स्टर विश्वासनामा सांगतो. मग उपदेश कशाला? त्यांचे उत्तर : निवडलेल्यापर्यंत हाक पोहोचते ती उपदेशातूनच.

हा पेच आपल्याकडे नवा नव्हता. श्रीवैष्णवांतही त्यावर वाद झाला : माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते, मांजरीच्या पिल्लाला आईच तोंडात उचलते.

समाजाने मात्र एकच शब्द वापरला : ‘बाटला’. ‘निवडला गेला’ काय किंवा ‘बाटला’ काय, दोन्हींत माणूस स्वतः काहीच करत नाही. बेळगावचे बाबा पदमनजी १८५४ साली ख्रिस्ती झाले. त्यांच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात दिसते ते वेगळेच : वाचन, शंका, घरच्यांची ओढ. श्रेय ते देवाच्या दयेला देतात. पण निर्णयाची किंमत त्यांनाच मोजावी लागली. धर्मांतराचा इतिहास लिहिताना हा कर्ता वाक्यातून गळू नये.