शुक्रवारचा तीनचा खेळ

१९७५ साल, दिवाळी होऊन गेलेली. सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी तुम्ही एसटीतून उतरता. टॉकीज कुठे, हे विचारावं लागत नाही. नऊवारीतल्या बायकांच्या मागोमाग चालत राहा. ‘जय संतोषी माँ’ लागलाय, त्यात आज शुक्रवार, संतोषी मातेच्या व्रताचा दिवस.

बायकांच्या तिकीटखिडकीवर रेटारेटी आहे. एरवी रांग मोडणारी पोरं आज गुमान बाजूला उभी आहेत. दाराशी चपलांचा खच पडलाय. तुम्हीही काढा.

दिवे जातात. आधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट, तो दाखवणं थिएटरवर बंधनकारकच. आणीबाणी लागून काही महिने झालेत, वीस कलमी कार्यक्रमाचं कौतुक चाललंय. बायका तेवढ्यात तान्ह्यांना पाजून घेतात, शेजारणीचं माहेर कुठलं ते विचारतात. मग देवी येते, अनिता गुहा. पहिलं नाणं पडद्यावर आदळतं. पाठोपाठ फुलं, अक्षता. हात जोडले जातात.

वर प्रोजेक्टरच्या खोलीत कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये लख्ख ज्योत जळतेय. कांड्या झिजतील तशा ऑपरेटरनं त्या जवळ आणत राहायचं, नाहीतर देवी अंधारून जाईल. पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका उमटला की रीळ संपत आलं, दुसरं मशीन सुरू.

तुम्हाला इथवर आणलं ते मात्र बायकांच्या या बाकांसाठी. सासुरवास सोसणारी सत्यवती पडद्यावर रडते आणि बाकंच्या बाकं हुंदके देतात. पदर तोंडाशी नेण्याचीही कुणाला गरज वाटत नाही. एवढं रडायला गावात दुसरी जागा कुठे होती? घरात सासू, पाणवठ्यावर जावा, बाजारात ओळखीचे डोळे. देवाचा सिनेमा म्हणून घरून परवानगी मिळाली आणि अडीच-तीन तासांचा काळोख या बायकांच्या हक्काचा झाला. माझ्या लेखी टॉकीजनं गावाला दिलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट.

त्या वर्षाचा सिनेमा म्हटलं की ‘शोले’चं नाव निघतं, मुंबईत मिनर्व्हाला तो पाच वर्षं चालला. पण तालुक्याच्या गावात बायकांना घोळक्यानं घराबाहेर काढलं ते या कमी खर्चाच्या सिनेमानं. गावाचा इतिहास लिहिताना आपण नगरपालिका, हायस्कूल, देऊळ सगळं लिहितो आणि टॉकीज विसरतो. तुमच्या घरात त्या पिढीतली आजी असेल, तर हा सिनेमा तिनं कुठल्या टॉकीजला, कुणाकुणाबरोबर पाहिला ते विचारा, आणि लिहून ठेवा.